जावई म्हणतात मैल जमवा, हे म्हणतात भानगडीत पडू नका

नागपूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या बँकेतून निवृत्त झाल्या आहेत, यजमान ६६ वर्षांचे. मुलगा फ्रँकफर्टजवळ नोकरीला आहे, मुलगी आणि जावई बंगळुरूला. दीड-दोन वर्षांतून एकदा जर्मनीची फेरी होते आणि वर्षातून दोन-तीनदा बंगळुरूची. गेल्या दिवाळीत जावयांनी सगळ्यांसमोर लॅपटॉप उघडून दाखवलं की एवढ्या वर्षांत विमान कंपन्यांच्या फ्रीक्वेंट फ्लायर योजनांत (त्याच कंपनीने प्रवास केला की खात्यात 'मैल' किंवा पॉइंट जमतात आणि त्यांवर पुढे तिकीट घेता येतं) नाव घातलं असतं तर एखादं तिकीट फुकट निघालं असतं. त्यांचा आग्रह तीन गोष्टींचा आहे: चार-पाच कंपन्यांचं सभासदत्व लगेच घ्या, यापुढे थोडं महाग पडलं तरी ठरलेल्याच कंपनीने जा, आणि वर्षाला ५,००० रुपये फी असलेलं एक क्रेडिट कार्ड काढा. यजमान याच्या अगदी विरुद्ध. एका बंद पडलेल्या विमान कंपनीचे त्यांचे मैल बुडाले होते, तेव्हापासून ते म्हणतात, 'फुकट काही मिळत नसतं, उगाच माहिती देऊन बसू नका.' मे महिन्यात पुन्हा जर्मनीला जायचं आहे. मुंबई–फ्रँकफर्ट थेट विमानाचं जाऊन-येऊन तिकीट माणशी ८४,००० रुपये, आखाती देशात विमान बदलून गेलं तर ७२,०००. ताई विचारतात, 'आम्ही इतकी वर्षं नुकसान करून घेतलं का? आणि आता कुणाचं ऐकू?'

ताई,

आधी त्या नुकसानीचं बोलू, कारण तुमच्या पत्रात रुखरुख तिथेच जास्त दिसते. जावयांचा हिशेब आकड्यांच्या दृष्टीने बरोबर असेलही, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. तुम्ही दर वेळी एकाच कंपनीच्या विमानाने गेला असता, मैल मुदतीत राहिले असते, योजनेचे नियम बदलले नसते आणि हव्या त्या तारखेला मैलांवरची सीट मिळाली असती, असं धरलं तरच ते फुकट तिकीट निघतं. प्रत्यक्षात तुम्ही दर वेळी स्वस्त किंवा सोयीचं तिकीट घेतलंत. त्यात वाचलेले पैसे तेव्हाच तुमच्या हातात पडले. ती बचत जावयांच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. तेव्हा ती रुखरुख मनातून काढून टाका.

या योजना मुळात कुणासाठी निघाल्या हे कळलं की बाकीचा उलगडा सोपा होतो. आज आपण ओळखतो त्या रूपातली मोठी योजना अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी सुरू केली, 'ॲॲडव्हांटेज' नावाची. अमेरिकेत तेव्हा भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण नुकतंच उठलं होतं आणि प्रत्येक कंपनीला सतत फिरणारा गिऱ्हाईक आपल्याकडे बांधून ठेवायचा होता. सतत फिरणारा म्हणजे कोण? कामासाठी फिरणारा. त्याच्या तिकिटाचे पैसे ऑफिस भरतं आणि मैल मात्र त्याच्या स्वतःच्या नावावर जमतात. अशा माणसाला दोन हजार रुपये महाग तिकीट घेतल्याचं काही वाटत नाही, कारण ते त्याच्या खिशातून जात नाहीत. तुमचं तसं नाही. तुमच्या तिकिटाचा रुपया न् रुपया पेन्शनमधून आणि ठेवींच्या व्याजातून येतो. त्यामुळे या माणसाला जे परवडतं तेच तुम्हालाही परवडेल, हे गृहीतक मला पटत नाही.

अलीकडे तर ही दरी वाढली आहे. पूर्वी जितकं लांब उडाल तितके मैल मिळायचे, म्हणून वर्षातून एकदा परदेशी जाणाऱ्यालाही बऱ्यापैकी जमायचे. आता बऱ्याच कंपन्या भरलेल्या पैशांवर पॉइंट देतात. लुफ्थान्झा या जर्मन विमान कंपनीच्या गटाने हा बदल २०१८ मध्ये केला, एअर इंडियाने २०२४ मध्ये. म्हणजे मुलगा सहा महिने आधी तुमचं स्वस्तातलं तिकीट शोधून देतो, तेव्हा त्या तिकिटावर पॉइंटही कमीच मिळतात. जो आयत्या वेळी महाग तिकीट काढतो त्याला जास्त.

मग नाव घालायचंच नाही का? घाला की. सभासदत्वाला पैसे पडत नाहीत, आणि जे तिकीट तुम्ही एरवीही घेणारच होता त्यावर चार पॉइंट मिळत असतील तर ते सोडायचं कारण नाही. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. नाव घालणं एक, आणि मैलांसाठी तिकीट बदलणं दुसरं. या दोन गोष्टी जावयांनी एकत्र बांधल्यात. त्या सुट्या केल्यात की घरातला वाद निम्मा मिटेल.

चार-पाच कंपन्यांत खाती काढण्याची मात्र गरज नाही. वर्षातून तीन-चार प्रवास असलेल्या माणसाचे मैल पाच ठिकाणी विखुरले तर कुठेच कामापुरते जमत नाहीत आणि एकेक करून मुदतीत संपतात. इथे एक गोष्ट उपयोगाची आहे. मोठ्या कंपन्यांचे गट असतात आणि गटातल्या एका कंपनीने उडून मैल दुसरीच्या खात्यात टाकता येतात. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या गटात आहे आणि लुफ्थान्झाही त्याच गटातली. त्यामुळे फ्रँकफर्टला लुफ्थान्झाने गेलात तरी नंबर एअर इंडियाच्या योजनेचा देता येतो, आणि नागपूर–मुंबई एअर इंडियाने गेलात तर तेही त्याच खात्यात येतं. ही योजना पूर्वी 'फ्लाइंग रिटर्न्स' म्हणून ओळखली जायची, २०२५ पासून तिचं नाव 'महाराजा क्लब' आहे. दुसरं खातं इंडिगोच्या 'ब्लूचिप'मध्ये काढा, बंगळुरूच्या फेऱ्यांसाठी. इंडिगो कुठल्याच गटात नाही, तेव्हा ते वेगळंच लागेल. ही दोन खाती तुम्हा दोघांना पुरेत. दुबईची एमिरेट्स कुठल्याही गटात नसल्यामुळे आखाती मार्गाने तिच्या विमानाने गेलात तर ते तिसरं होईल, पण एखाद्या फेरीसाठी त्याच्या मागे लागू नका.

खातं उघडताना नावाकडे डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्याकडे पासपोर्टवर पहिल्या रकान्यात आडनाव असतं आणि दुसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव नि त्यामागे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव. तिकिटावर ही दोन नावं कित्येकदा मध्ये जागा न सोडता एकत्र छापली जातात. मोबाइलवर घाईघाईत खातं उघडताना आपण फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव टाकतो. मग प्रवास होतो, नंबर दिलेला असतो आणि तरी मैल जमा होत नाहीत, कारण कंपनीच्या संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. बायकांच्या बाबतीत माहेरचं-सासरचं आडनाव हा आणखी एक घोळ. तेव्हा पासपोर्ट समोर ठेवूनच फॉर्म भरा, अक्षर न् अक्षर तसंच. एजंटकडून तिकीट काढत असाल तर दोघांचे सभासद क्रमांक त्याला लिहून द्या आणि ई-तिकीट आलं की त्यावर ते छापलेत का ते बघा. विमानातून उतरल्यावर बोर्डिंग पास फेकू नका. मैल जमा झाले नाहीत तर काही महिन्यांच्या आत मागून घेता येतात, पण त्यासाठी तिकिटाचा आणि बोर्डिंग पासचा पुरावा लागतो.

आता तुमच्या मे महिन्याच्या तिकिटाचा हिशेब मांडू. मुंबई–फ्रँकफर्ट अंतर सुमारे ४,१०० मैल, जाऊन-येऊन ८,२००. लुफ्थान्झाने जाऊन एअर इंडियाच्या खात्यात, म्हणजे गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या खात्यात, मैल टाकले की ते भरलेल्या पैशांवर नव्हे तर बहुधा अंतराच्या काही टक्के मिळतात, आणि तो टक्का ठरतो बुकिंग क्लासवर. ई-तिकिटावर फ्लाइट नंबरच्या आसपास एक एकटं इंग्रजी अक्षर असतं, तोच हा क्लास. सीट तीच, जेवण तेच, पण स्वस्त अक्षराला २५ टक्के आणि महाग अक्षराला १०० टक्के, असा फरक असू शकतो. काही अगदी स्वस्त अक्षरांना शून्यही असतं. तुमच्या तिकिटाला ५० टक्के मिळतात असं उदारपणे धरलं, तरी माणशी ४,१०० आणि दोघांचे मिळून ८,२०० मैल होतात.

एका मैलाची किंमत काढणंही अवघड नाही. समजा, एखादं देशातलं तिकीट रोखीने ६,५०० रुपयांना आहे आणि तेच मैलांवर घेतलं तर ५,००० मैल अधिक १,५०० रुपये कर असं पडतं. वाचले ५,००० रुपये, गेले ५,००० मैल. म्हणजे एक मैल एक रुपयाचा. बघा, 'फुकट' तिकिटालाही कर आणि शुल्क भरावंच लागतं, परदेशी प्रवासात ते चांगलंच जड असतं. याच दराने तुमचे ८,२०० मैल म्हणजे ८,२०० रुपये. आणि ते मिळवण्यासाठी थेट विमानाचे जास्तीचे किती मोजायचे? माणशी १२,०००, दोघांचे २४,०००. बँकेत आयुष्य काढलेल्या बाईला पुढचं मी सांगायला नको.

तरीही ताई, माझा सल्ला थेट विमानाचाच आहे, पण त्याचं कारण मैल नव्हे. तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय की यजमानांचे गुडघे दुखतात आणि मागच्या खेपेला मध्यरात्री विमान बदलताना दोन टर्मिनलांमध्ये चालून त्यांचे हाल झाले. ते हाल वाचवण्यासाठी २४,००० रुपये मोजायची तुमची ऐपत असेल तर खुशाल मोजा. मैल त्यावर वरकड मिळतील. आणि ऐपत नसेल तर दुसऱ्या मार्गाने जा, व्हीलचेअरची विनंती तिकीट काढतानाच नोंदवा. तिला सभासदत्व लागत नाही.

यजमानांच्या शंकेतही तथ्य आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या योजनेतल्या मैलांवर उडायला विमानच उरलं नाही. जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी झालं. तिची जेटप्रिव्हिलेज ही योजना वेगळ्या कंपनीकडे होती म्हणून तगली, 'इंटरमाइल्स' नावाने पुढे चालली, पण ज्या विमानांसाठी लोकांनी ते मैल जमवले ती गेली ती गेलीच. उलट विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली तेव्हा सभासदांचे पॉइंट तिकडे वर्ग झाले. म्हणजे दर वेळी बुडतातच असं नाही. पण एक गोष्ट मनात पक्की ठेवा: मैल ही ठेव नव्हे. त्यावर व्याज नाही, विमा नाही, बँकेसारखं नॉमिनेशन नाही, आणि अनेक योजनांत सभासद गेला की खातंही बंद होतं. किती मैलांत तिकीट द्यायचं हे कंपनी ठरवते आणि ते बदलण्याचा हक्क नियमांत स्वतःकडे राखून ठेवते. लुफ्थान्झाच्या गटाने २०२५ मध्ये ठरावीक तक्ता सोडून मागणीप्रमाणे बदलणारे मैलदर आणले. मुदतही असते: सिंगापूर एअरलाइन्सच्या योजनेत मैल तीन वर्षांनी संपतात, एमिरेट्सच्या योजनेत साधारण तीन वर्षांनी तुमच्या जन्ममहिन्याच्या अखेरीस.

म्हणून जमले की वापरा. फुकट जर्मनीच्या तिकिटाची वाट बघत आठ वर्षं थांबण्यापेक्षा दोन-तीन वर्षांत जमलेल्या पॉइंटवर एक बंगळुरूची फेरी करा. तीही दिवाळी किंवा मे सोडून. त्या दिवसांत पॉइंटवरच्या सीटा एक तर नसतात किंवा भरमसाट पॉइंट मागतात.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत मी ठामपणे नाही म्हणेन, आणि ताई, माझं सगळ्यात जास्त लक्ष याच गोष्टीकडे आहे. विमान कंपन्या बँकांना मैल विकतात, बँका ते कार्डवाल्यांना वाटतात. हा धंदा किती मोठा आहे याचा अंदाज एका गोष्टीवरून येईल: २०२० मध्ये कोविडने विमानं जमिनीवर बसवली तेव्हा अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने आपली मायलेजप्लस योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. हा पैसा शेवटी कार्डवाल्यांच्या खर्चातून, फीतून आणि व्याजातून येतो. तुमच्यापुरतं बघा. ५,००० रुपये फी, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. घरखर्च महिन्याला ३०,००० कार्डावर केलात आणि शंभराला दोन पॉइंट धरले तर वर्षाला ७,२०० पॉइंट. एका पॉइंटला एक रुपया धरला तरी वर्षाकाठी हाती उरले १,३००. त्यात पेट्रोल, भाडं अशा खर्चांना बरीच कार्डं पॉइंटच देत नाहीत. आणि एखाद्या महिन्यात बिल भरायचं राहिलं, तर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, त्यावर जीएसटी, वर उशिराचा दंड. ३०,००० वर एका महिन्याचं व्याजच जीएसटीसकट बाराशेच्या वर जातं. वर्षभराची कमाई एका चुकलेल्या तारखेत साफ. ज्यांचा कार्डावरचा खर्च मुळातच मोठा आहे आणि बिल कधीच थकत नाही, त्यांचा हिशेब वेगळा निघेल. जावयांचा तसा असेलही. तुमचा नाही.

आणि आता ती गोष्ट, जी तुमच्या घरात कुणी बोललेलं दिसत नाही. तुम्ही लिहिलंय की मुलाला कामासाठी महिन्यातून एकदा तरी लंडन नाही तर मिलानला जावं लागतं. म्हणजे १९८१ पासून ज्या माणसासाठी या योजना चालल्या आहेत तो तुमच्या घरातच आहे! तिकीट ऑफिसचं, मैल त्याचे. त्याने कुठल्या योजनेत नाव घातलंय का, ते आधी विचारा. बहुतेक योजनांत सभासदाला आपल्या मैलांवर आई-वडिलांचं तिकीट काढता येतं. काहींत घरच्यांची नावं आधी नोंदवावी लागतात, काहींत कुटुंबाचे मैल एका खात्यात एकत्र करता येतात. तुम्ही दोघांनी दीड वर्षात जेवढे जमवाल तेवढे तो काही महिन्यांत जमवू शकेल. नेहमी जाणाऱ्याला वरचा दर्जा मिळाला तर लाउंज आणि जादा सामान हेही त्याच्या पदरात पडतं. मात्र ती जादा बॅग तो तुमच्यासोबत उडत नसेल तर तुम्हाला मिळेलच असं नाही. तेव्हा भाजणी, लोणचं आणि सांडग्यांचं वजन घरीच करून निघा.

जावयांना हे कसं सांगायचं, हा तुमचा खरा पेच आहे हे मला कळतं. त्यांना नाही म्हणू नका, काम सांगा. दोन्ही खाती त्यांच्याकडूनच उघडून घ्या. मे महिन्याच्या दोन्ही तिकिटांचा वरचा हिशेब त्यांच्या तक्त्यात भरायला सांगा, भाड्यातल्या फरकाचा रकाना वाढवून. आकड्यांची आवड असलेला माणूस आकड्यांवर रागावत नाही. त्यांना हेही विचारा की बंगळुरूचं तिकीट काढताना ज्येष्ठ नागरिकाचं भाडं तपासलं जातं का. एअर इंडिया आणि इंडिगो दोघीही ६० वर्षांपुढच्या प्रवाशांना देशातल्या प्रवासात मूळ भाड्यावर सवलत देतात आणि तिला कुठलंही सभासदत्व लागत नाही, वयाचा पुरावा लागतो. कधी कधी सगळ्यांसाठी असलेलं ऑफरचं तिकीट ज्येष्ठांच्या भाड्याहूनही स्वस्त असतं, म्हणून दोन्ही दर बघूनच घ्यायचं. यातून दर वर्षी जे वाचेल ते मैलांपेक्षा जास्त भरण्याची शक्यता आहे.

यजमानांच्या 'माहिती देऊन बसू नका' या म्हणण्याचाही मान ठेवा. सभासद क्रमांक आणि पासवर्ड एखाद्या वहीत लिहून घरात ठेवा, बँकेचा पासवर्ड इथे वापरू नका, आणि विमानतळावरून बोर्डिंग पासचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला टाकू नका. त्यावर पीएनआर आणि सभासद क्रमांक असतो. 'तुमचे पॉइंट आज रात्री संपणार आहेत, लिंक उघडा' असा मेसेज आला किंवा ओटीपी मागणारा फोन आला तर तो सरळ चोर समजा. चुकून पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा.

तिकीट अजून काढलं नसेल तर आधी यजमानांच्या गुडघ्यांचं त्यांच्याशीच बोला, मग मार्ग ठरवा. आणि हे उत्तर वाचेपर्यंत तिकीट निघालंच असेल तरी हरकत नाही. सभासद क्रमांक नंतरही घालता येतो, कंपनीच्या संकेतस्थळावर बुकिंग उघडून किंवा चेक-इनच्या काउंटरवर पासपोर्टबरोबर क्रमांक लिहिलेला कागद पुढे करून.